मामा आणि खेकडा

2001 चा जुलै. गोव्यातल्या कुळ्याहून कोळशाची मालगाडी घाटावरच्या कॅसलरॉकला चढत होती आणि शेवटच्या वाघिणीमागं आमचं बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन. मी असिस्टंट. ड्रायव्हर खानापूर तालुक्यातले; लोंढ्यात त्यांना सगळे मामाच म्हणायचे. दूधसागरच्या वर गाडी अडली. पुढच्या इंजिनांची चाकं ओल्या रुळांवर घसरत होती. वॉकीटॉकीवर बोगद्यांमुळं नुसती खरखर.

चढ 37 फुटांना 1 फूट. इथं पुढच्यानं घाईनं ओढलं तर कपलिंग तुटतं.

"उतर, वाळूचं बग," मामा म्हणाले. चाकं घसरू नयेत म्हणून रुळांवर वाळू सोडणाऱ्या नळ्या ओल्या होऊन चोंदल्या होत्या. तारेनं टोचून त्या मोकळ्या केल्या, कोरडी वाळू मुठीनं रुळांवर पसरली. भिजून चिंब वर आलो तर मामा मोटरींचा वीजप्रवाह दाखवणाऱ्या अ‍ॅमीटरवर नजर ठेवून खेकड्याबद्दल बोलायला लागले.

नोकरीची पहिली वर्षं त्यांनी लोणावळ्याला काढली होती. खंडाळ्याच्या घाटातही चढ हाच, 37 ला 1. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेनं 1928 पासून तिथं मालगाड्यांसाठी विजेची इंजिनं आणली, स्विस रचनेची, एकूण 41. वरच्या तारेतून 1500 व्होल्ट, ताकद 2600 अश्वशक्ती. आमच्या डब्ल्यूडीएम-2 या डिझेल इंजिनाची ताकदही तेवढीच, हे ऐकून मी थक्क झालो. सत्तर वर्षांपूर्वीचं इंजिन! चाकांच्या दांड्या खेकड्याच्या पायांसारख्या हलायच्या, म्हणून कामगारांनी नाव पाडलं खेकडा.

"आपल्या डिझेलला दर आसाला वेगळी मोटर, एकटंच चाक घसरतंय. खेकड्याच्या दर बोगीतल्या चाकांच्या तिन्ही जोड्या दांडीनं बांदलेल्या. घसरलं तर तिघं मिळून, न्हाईतर एकबी न्हाई."

उतरतानाचं तर मला आजही नवल वाटतं. तेव्हा त्याच मोटरी उलट वीज तयार करून तारेत सोडायच्या. खाली येणारा खेकडा वर चढणाऱ्याला हात द्यायचा. आमच्या डिझेलमध्ये हीच शक्ती उष्णता होऊन हवेत जायची.

पुढून शिट्टी आली. मामांनी उत्तर दिलं.

"आदी आपण. पुढच्यानं ओडायच्या आत वाघिणी एकमेकीला टेकू देत."

ताकद वाढवणाऱ्या दांड्याचा पहिला टप्पा, पहिला नॉच. दुसरा. खड्, खड् असा आवाज वाघिणीवाघिणीतून पुढं सरकत बोगद्यात शिरला. मामा डोळे मिटून तो ऐकत होते. चाक घसरल्याचा दिवा लागला, त्यांनी एक नॉच मागं घेतला, विझल्यावर पुन्हा दिला. मी श्वास रोखून रुळाकडं बघत होतो. खडी हळूहळू मागं सरकू लागली.

कॅसलरॉकला पोहोचलो तेव्हा धुक्यात सिग्नलही दिसत नव्हता. मामा खाली उतरले, चाकांना चिकटलेली वाळू बोटानं चोळून बघितली आणि म्हणाले, "परत जाताना डबा भरून घे."