वागळे इस्टेटमध्ये उघडलेला स्टीअरिंग रॅक

स्टीअरिंग रॅक म्हणजे स्टीअरिंगचं फिरणं डावी-उजवीकडे सरकून पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारी दातेरी दांडी आणि तिचं नळीसारखं घर. आमच्याकडे कॅनडात, ऑन्टारिओत, पॉवर स्टीअरिंगच्या रॅकमधून तेल गळू लागलं की गॅरेजवाले तो सहसा उघडत नाहीत. अख्खा रॅक उतरवतात, कारखान्यात दुरुस्त होऊन आलेला दुसरा बसवतात. जुना परत दिला की भरलेली अनामत मिळते. मजुरी तासावर आणि महाग, त्यामुळे हिशेब त्यांच्या जागी बरोबर आहे. पण आत नेमकं काय बिघडलं होतं, ते मालकाला कळत नाही. यंदा सुट्टीत ठाण्याला आलो आणि ते डोळ्यांनी पाहायला मिळालं.

बाबांची गाडी जुनी, हायड्रॉलिक स्टीअरिंगची. तेल सारखं कमी व्हायचं, आणि घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत डावीकडून खडखड यायची. एकाने नवीनच रॅक टाकायला सांगितला होता. वागळे इस्टेटमधले मेस्त्री म्हणाले, "काका, आधी खोलून बघू. दांडी चांगली असेल तर सील किटमध्ये, म्हणजे तेल अडवणाऱ्या नव्या रिंगांच्या संचात, काम होईल. दांडी गेली असेल तर मीच सांगेन, नवीन घ्या."

त्यांनी पहिल्यांदा चाकं सरळ करून स्टीअरिंग पट्ट्याने बांधलं. कॉलम सुटल्यावर स्टीअरिंग मोकळं गरगर फिरलं तर त्याखाली गुंडाळलेली एअरबॅगची वायर तुटते, आणि मग भलताच खर्च. रॅकला चाकाशी जोडणारे टाय रॉड एंड सोडवण्याआधी आट्यांवर खूण केली.

डाव्या बुटाची क्लिप काढली तसं तेल बाहेर आलं. बूट म्हणजे रॅकच्या टोकावरचं रबरी घड्यांचं आवरण. ते आतून कोरडं असायला हवं. तेल सापडलं म्हणजे सील गेलं. एका घडीला चीर होती आणि आत पावसाळ्याचा गाळ. खडखड होती रॅक एंडच्या, म्हणजे दांडीच्या टोकाला जोडलेल्या भागाच्या, ढिल्या बॉल जॉइंटची.

मग स्प्रिंग, दांडीला टेकू देणारा गाइड, पिनियन (स्टीअरिंगबरोबर फिरून दांडी सरकवणारं छोटं दातेरी चाक) आणि शेवटी दांडी बाहेर आली. डिझेलने धुतल्यावर सगळी रचना समोर दिसली. आपण स्टीअरिंग वळवतो तेव्हा पिनियनवरची बारीक टॉर्शन बार किंचित पिळली जाते, त्याने व्हॉल्व्हमधली वाट उघडते आणि पंपाचं तेल दांडीवरच्या पिस्टनला एका बाजूने ढकलतं. इतक्या थोड्या पिळावर केवढं वजन हलतं! हे पाहून मी खरोखर थक्क झालो.

मेस्त्रींनी गुळगुळीत भागावरून नख फिरवलं. "नख अडकलं तर दांडी गेली." गंजाचा खड्डा असेल तर नव्या सीलची कडही तो कापतो, म्हणून किट टाकून पैसे वाया जातात. आपल्या उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत पिनियन उजवीकडे आणि दांडीचा गुळगुळीत भाग डावीकडे, म्हणून डावा बूट फाटणं जास्त घातक. आमच्या दांडीवर डाग होते, पण नख अडकलं नाही. बारीक पॉलिश पेपरने ते निघाले.

दाते मधोमध जास्त झिजतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला ढिलेपणा घालवायला गाइडला दाबणारा ॲडजस्टर जास्त आवळला तर पूर्ण वळणावर स्टीअरिंग जाम होतं. व्हॉल्व्हच्या टेफ्लॉन रिंगांनी त्याच्या घराच्या आतल्या भिंतीत चर पाडलेत का, तेही बोटाने तपासलं. चर असतील तर नव्या रिंगांचा उपयोग नाही.

सील बसवताना त्यांनी दात्यांवर प्लास्टिकची पातळ पट्टी गुंडाळली, नाहीतर दात्यांनीच सीलची कड कापली असती. ही नजर आणि हा हात ऑन्टारिओतल्या माझ्या गल्लीतल्या गॅरेजात मला दिसलेला नाही.

तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, इकडे पावसाचं पाणी आणि गाळ. दोन्हींचा आत शिरण्याचा रस्ता एकच, फाटलेला बूट. १९८८ साली सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत आलेलं इलेक्ट्रिक स्टीअरिंग आता बहुतेक नव्या गाड्यांत असतं. त्यात तेल नाही, पण दांडी आणि बूट आहेतच. इंजिन ऑइल बदलायला गाडी वर घेतली की दोन्ही बुटांच्या घड्या टॉर्चने बघायला सांगा. बूट बदलणं रॅकच्या मानाने किरकोळ काम आहे.

गाडी जोडल्यावर तेलातली हवा निघावी म्हणून पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. टाकीतले बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू केलं, आणि मग गाडी अलाइनमेंटला नेली.