बारूददानाच्या शिंगाला करवत लागू दिली नाही

आमच्या घरातलं जुनं शिंगाचं बारूददान प्रदर्शनात मांडायचं होतं. आयोजकांनी एकच कागद मागितला: शिंग वन्यप्राण्याचं नाही, असा. त्या कागदासाठी जे झेललं, त्याचा संताप अजून उतरलेला नाही.

शस्त्राचा प्रश्न आलाच नाही. तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीनं उडवायच्या बंदुकीची दारू ठेवायचं हे रिकामं भांडं, त्याला परवाना कसला? घोडं अडलं शिंगापाशी. काळविटांचं नान्नजचं माळरान जवळ, म्हणून सोलापुरात शिंग म्हटलं की पहिला संशय काळविटाचा. काळवीट १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा चौकशी व्हायलाच हवी. पण वनखात्याच्या कचेरीतले साहेब वस्तूकडे बघेनात. "तुकडा कापून द्या, डेहराडूनला तपासणीला पाठवू." कापून? पितळी तोंडावरचा खटका दाबला की झाकण उघडतं, सोडला की अजून टक्कन मिटतं. अंगभर हाडाच्या बारीक चकत्या जडवल्यात, प्रत्येकीत कोरलेलं वर्तुळ. यातलं काय कापायचं? पुढच्या खेपेला टेबलावर दुसरेच कोणी, अर्ज नव्याने करा, साहेब मीटिंगला गेलेत. एकदा तर मागचा अर्ज आलाच नाही म्हणाले. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत होती म्हणून वाचलो. ती प्रत घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

काळविटाचं शिंग पिळदार असतं. वरची वळी घासून गेली तरी पीळ जात नाही. आमचं चपटं, तळहाताएवढं रुंद, सरळसरळ म्हशीचं. गुरांच्या डॉक्टरांनी ते लेखी दिलं. चकत्या हस्तिदंती असल्याचा मुद्दाही निघाला. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते, हाडावर बारीक छिद्रं. बदलून आलेल्या नव्या बाईंनी स्वतः भिंग लावून बघितलं आणि तिथल्या तिथे सही केली. बारूददान अखंड घरी आलं, याचा मला अभिमान आहे.

हे आधीच सांगायला हवं होतं: आत जुनी दारू राहिलेली नाही ना, ते पाहा. सोरा, गंधक आणि कोळशाची ही दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षांनी पेट घेते. खरवडू नका, तापवू नका. शिंगाला कसर लागते आणि आपल्या उन्हाळ्यात ते तडकतं, म्हणून खिडकीपासून लांब ठेवा.

आणि अर्जात नुसतं 'शिंग' लिहू नका. 'म्हशीचे शिंग, पितळी तोंड, हाडाचे जडावकाम' असं लिहा, चारही बाजूंचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा, अन् डॉक्टरांचं पत्र पहिल्याच दिवशी जोडा.