जुन्या कोटातली पानं

लोकरी अ‍ॅप्लिकसाठी, म्हणजे कापडाचे आकार कापून दुसऱ्या कापडावर शिवायच्या कामासाठी, मी पहिलं पान कापलं ते सुटाच्या उरलेल्या कापडातून. शंभर टक्के लोकर, रंग शेवाळी, मनासारखा. कडेने काजटाका घालत टोकापर्यंत पोचले तोवर कडेचे चार-पाच धागे सुटून आले होते. टाका नुसत्या दशांना धरून लोंबत होता आणि पानाचं टोक उरलंच नव्हतं. त्याआधी हस्तकलेच्या फेल्टच्या शीट वापरून झाल्या होत्या. त्यांच्या दशा निघत नाहीत. पण बहुतेक अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टरच्या, त्यामुळे त्यांच्यावर लवकर बारीक गोळे येतात आणि इस्त्री जरा गरम लागली की त्या वितळायला लागतात. अस्सल लोकरीचं फेल्ट सुरेख असतं, पण एका उशीच्या अभ्र्याला आठ-दहा रंग घ्यायचे तर ते मला परवडण्यासारखं नव्हतं.

सुटाचं कापड का उसवलं ते आधी समजून घेतलं. त्यात लांब तंतू विंचरून, एकमेकांना समांतर ठेवून घट्ट पीळ दिलेला असतो. म्हणून ते गुळगुळीत, चापून बसणारं. फ्लॅनेल, ट्वीड, कोटाचं मेल्टन, ब्लँकेट यांचं सूत मात्र आखूड, इकडेतिकडे पसरलेल्या तंतूंचं आणि सैलसर पिळाचं असतं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं मिळालं की तंतू एकमेकांत शिरतात, खवले अडकतात आणि मग ते परत सुटत नाहीत. कापड आटतं, दाट होतं, कडा दुमडायची गरजच राहत नाही. म्हणजे अ‍ॅप्लिकचं कापड तयार शोधण्यापेक्षा नीट आटेल असं कापड शोधायचं आणि बाकीचं आपण करायचं. हे कळल्यावर माझा शोध फार सोपा झाला.

मी जुन्या कपड्यांकडे वळले. लांब कोट, ब्लँकेट, मफलर आणि सगळ्यात आवडते चुण्यांचे स्कर्ट: चुण्या उसवल्या की दिसत होतं त्याच्या दुप्पट-तिप्पट कापड हातात येतं. डाग पडलेला, बटणं गेलेली, भोकं असलेली वस्तू इतरांना नको असते, म्हणून ती स्वस्त मिळते. मला दोन बोटं रुंदीची पानं कापायची असतात, भोकाचं काय एवढं! लेबलवर किमान ऐंशी टक्के लोकर असेल तर घेते. मशीनमध्ये धुता येणारी लोकर असं लिहिलं असेल तर घेत नाही, कारण न आटण्यासाठीच तिच्यावर प्रक्रिया केलेली असते. स्वेटर आटतात, पण जाड होतात. बारीक आकारांना ते चालत नाहीत.

लेबल नसेल तर आतल्या शिवणीतून दोन धागे काढायचे आणि चिमट्यात धरून, खाली पाण्याची बशी ठेवून जाळायचे. लोकर रेंगाळत जळते, ज्योत काढली की विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात.

आणलेली वस्तू मी थेट कपाटात ठेवत नाही. कसरीच्या अळ्या लोकर खातात, आणि एका कोटावरून सगळ्या साठ्यात पसरायला त्यांना वेळ लागत नाही. घट्ट बंद पिशवीत घालून वजा अठरा अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे, मग बाकीचं काम.

एका बदामी कोटाने मला सगळ्यात जास्त शिकवलं. अस्तर, खांद्याच्या गाद्या, खिसे उसवून काढले. समोरच्या भागाला आतून गोंदाचं कॅनव्हास चिकटवलेलं निघालं. तिथे कापड मोकळेपणी आटत नाही, म्हणून तो भाग बाजूला ठेवला. पाठ आणि बाह्या मात्र उत्तम. शिवणी उसवून तुकडे सपाट केले आणि गरम पाण्यात थोड्या साबणाने मशीनला लावले, सोबत एक जुनी जीन्स, घासायला. रंग सुटतो का ते कळावं म्हणून पांढऱ्या सुती कापडाची एक चिंधीही टाकली. गडद लाल आणि निळं नेहमी वेगळंच धुवावं. दुसऱ्या धुण्यानंतर विणीची रेघ दिसेनाशी झाली. कोपरा कापून कडेवर नख ओढलं, एकही धागा आला नाही. तिथेच थांबले. आणखी एक धुणं दिलं असतं तर पुठ्ठा झाला असता.

एकाच कोटातून एकच रंग निघतो ही अडचण रंगवून सुटते. लोकर अ‍ॅसिड डाय छान धरते: व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यात, उकळू न देता, फार न ढवळता ठेवायचं आणि त्याच पाण्यात गार होऊ द्यायचं, म्हणजे आणखी आटत नाही. फिकट चौकडीवर हिरवा चढवला तर एकाच तुकड्यातून गडद आणि फिकट, दोन्ही पानं निघतात. मला हा प्रकार कोऱ्या एकरंगी कापडापेक्षा कितीतरी आवडतो.

बदामी मेल्टन आता खालच्या, पायाच्या कापडासाठी वापरते, फ्लॅनेल पानं-पाकळ्यांना. मेल्टनच्या बोराएवढ्या गोल चकत्या कापून पाहिल्या, पण जाडीमुळे त्या उभ्याच राहतात. सुई शेनील, म्हणजे टोकदार आणि मोठ्या नेढ्याची, बावीस किंवा चोवीस नंबरची. दोरा आठ नंबरचा पर्ल कॉटन, म्हणजे भरतकामाचा पीळदार, चमकदार सुती दोरा.

सुटाचं ते शेवाळी कापड टाकून दिलं नाही. वीण सपाट, ताण दिला तरी वेडंवाकडं होत नाही; रिंगवर घट्ट बसवलं आणि त्यावर लोकरीच्या दोऱ्याने साखळी टाक्यात वेल भरायला घेतली. कडा आत दुमडून शिवणार आहे, त्यामुळे दशांचा प्रश्नच नाही.