लांबचा मार्ग, कमी वेळ: दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को

दोन विमानतळांमधील अंतर सांगणाऱ्या संकेतस्थळावर दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को ही नावे टाकली की सुमारे १२,४०० किलोमीटर हा आकडा लगेच मिळतो, आणि त्याला ताशी ९०० किलोमीटरने भागले की पावणेचौदा तासांचे उत्तरही. माझी बहीण कॅलिफोर्नियात असल्यामुळे आमच्या घरातील ज्येष्ठ मंडळी निघण्यापूर्वी हाच हिशेब मांडतात. तो का जुळत नाही, हे एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो तिबेटच्या पठाराची पश्चिम कड, चीनचा शिनजियांग प्रांत आणि सैबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावर चढतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. १२,४०० किलोमीटर ही या दोऱ्याची लांबी. पण विमान त्यावरून जात नाही. केबिनमधील हवेचा दाब अचानक घटला, तर वैमानिकाला साधारण १०,००० फुटांपर्यंत, म्हणजे ३,०५० मीटरपर्यंत, खाली यावे लागते आणि तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच ४,५०० मीटरच्या आसपास आहे. शिवाय आपल्या आकाशातून कोणाला जाऊ द्यायचे, हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी उड्डाणे लांबली.

तरीही खरा फरक वारा पाडतो, आणि ऑक्टोबर २०१६ मधील एअर इंडियाच्या उड्डाणाइतका याचा स्पष्ट दाखला मला दुसरा ठाऊक नाही. तोवर हे विमान अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटरच्या मार्गाने, समोरचा वारा अंगावर घेत जात असे. त्या महिन्यात ते प्रथमच पूर्वेकडे वळून पॅसिफिकवरून गेले. मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झाला, पण विमान साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा लवकर, पोहोचले. भागाकार केल्यास सरासरी वेग ताशी १,०५० किलोमीटरहून अधिक निघतो. हा जादा वेग इंजिनाचा नव्हे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जेट प्रवाहाने तो दिलेला होता. मला सर्वांत मोलाची वाटते ती यामागची योजना: परतीचे उड्डाण अटलांटिकवरूनच, पुन्हा पूर्वेकडे होत असल्याने दोन्ही खेपांना वारा पाठीशी राहिला आणि पृथ्वीप्रदक्षिणाही पूर्ण झाली.

हे वारे हिवाळ्यात जोर धरतात, त्यामुळे त्याच मार्गावरील वेळ ऋतूनुसार बदलते. तिकिटावरील वेळेत धावपट्टीपर्यंत जाण्याची आणि उतरल्यावर गेटपर्यंत येण्याची मिनिटेही धरलेली असतात. म्हणून पुढे गाडी किंवा दुसरे विमान ठरवताना घरच्यांनी त्या महिन्याच्या वेळापत्रकातील वेळच धरावी, असे मी सांगते.