उन्हाळी शिबीर : दुपारी तीननंतर मुलं कुठे असतात?

एप्रिलमध्ये शाळा सुटल्या की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात शिबिरांचे फलक लागतात. पालक फी विचारतात, उपक्रम विचारतात. त्याआधी विचारायला हवं ते हे, की दुपारी तीननंतर मुलं कुठे असतील?

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सकाळ स्वच्छ असते, दुपारनंतर ढग भरून येतात आणि संध्याकाळच्या सुमाराला वळीव कोसळतो. नेमक्या त्याच वेळी मुलं मैदानावर असतात. म्हणून पळापळीचे खेळ सकाळी साडेनऊच्या आत उरकावेत, दुपारनंतर छताखालची कामं घ्यावीत. संध्याकाळी खेळ ठेवायचेच असतील तर एका मोठ्या माणसाला फक्त आभाळाकडे बघण्याचं काम द्या. वीज चमकल्यावर आकडे मोजायचे. 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे. खेळ तिथेच थांबवून मुलांना पक्क्या इमारतीत न्यायचं. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर सोडायचं नाही. पाऊस थांबला की मुलं हट्ट धरतात आणि शिबिरातले दादा-ताई विरघळतात, घोटाळा तिथेच होतो. मांडव, उघडी शेड, चिंचेचं झाड हा विजेपासूनचा आसरा नव्हे. काचा लावलेली बस चालते. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला हात लावायला घाबरू नका. श्वास थांबला असेल तर लगेच छातीवर दाब द्यायला लागा, मिनिटाला 100 ते 120.

उन्हाचं म्हणाल तर खेळताना दर 20 मिनिटांनी अर्धा ते एक पेला पाणी, तहान लागो न लागो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं. पेल्यात थोडी थोडी पूड टाकून दिली की मिठाचं प्रमाण बिघडतं. मूल असंबद्ध बोलू लागलं, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि त्याच वेळी 108 ला फोन लावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

औषधांच्या पेटीत सगळ्यात जास्त गफलत पॅरासिटामॉलच्या सिरपची होते. एकाच्या 5 मिलीमध्ये 120 मिलिग्रॅम असतं, दुसऱ्याच्या 5 मिलीमध्ये 250. डोस मुलाच्या वजनावर ठरतो, किलोमागे 15 मिलिग्रॅम. 20 किलोच्या मुलाला 300 मिलिग्रॅम, म्हणजे पहिल्या सिरपचे साडेबारा मिली, पण दुसऱ्याचे फक्त सहा. बाटली बदलली आणि माप तेच राहिलं की डोस दुपटीच्या वर जातो. म्हणून पेटीत एकाच ताकदीची बाटली ठेवा, मुलाचं वजन फॉर्मवर लिहून घ्या आणि दिलेली वेळ वहीत टाका. दोन डोसांत सहा तासांचं अंतर हवं. कुठलंही औषध देण्याआधी पालकांना फोन झालाच पाहिजे. दम्याचा पंप मात्र पेटीत कुलूपबंद नको, तो मुलाजवळ किंवा त्याच्या गटाच्या ताईजवळ असावा.

खानापूर, जांबोटीकडचं मुक्कामी शिबीर असेल तर मुलांना जमिनीवर झोपवू नका. मण्यार ही विषारी सापाची जात रात्री फिरते, तिचा चावा दुखत नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे मूल पोट दुखतं म्हणून उठतं, मग पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. अशा पोटदुखीला ओवा देत बसलात तर वेळ हातची जाते. खाट द्या, नसेलच तर मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचा. साप चावल्यास अंगठी, कडं काढा, हातपाय हलू देऊ नका, दोरी बांधू नका, चिरू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, कोणत्या दवाखान्यात आहे हे शिबीर सुरू होण्याआधीच विचारून ठेवायचं. तिकडे रेंज कुठे लागते तेही आदल्या दिवशी तपासायचं. ठिकाणाचा पत्ता आणि जवळची खूण मराठीत व कन्नडमध्ये भिंतीवर लावा. घाबरलेल्या ताईला 108 वाल्यांना तो नुसता वाचून दाखवता येतो. मुलांचे वैद्यकीय फॉर्मही दोन्ही भाषांत असू द्यात.

मलप्रभेचा डोह, खाणीतलं पाणी, शेतातली विहीर यांत पोहणं अजिबात नको. पोहण्याच्या तलावात नेलं तर जोड्या लावा आणि दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजवून डोकी मोजा.

रानात फिरून आल्यावर काखा, जांघा, कानामागे गोचीड बघा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, रॉकेल लावू नका. माकडताप हा विषाणूचा आजार या गोचिडींतूनच येतो. 2015 मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात त्याचे रुग्ण सापडले, आणि दोन्ही भाग आपल्या शेजारचेच आहेत. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. घरी परतल्यावर आठवडाभरात मुलाला जोराचा ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगा की ते रानात जाऊन आलंय.