आडोसा

आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर चौदा अंगठे वर झालेले असतात. पहाटे सहाला पुण्याच्या राजाराम पुलापाशी सायकली उभ्या असतात सात. उरलेल्या अंगठ्यांचे मालक रजईत आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी पाच मिनिटं थांबायचा शिरस्ता आहे. पाचच. त्यापुढे जमलेल्यांचे पाय गार पडायला लागतात, आणि गारठलेल्या गुडघ्यांनी कोणी लगेच जोरात पायडल मारलं की ते दुखणं आठवडाभर पुरतं. शिवाय सात हा आकडा वाईट नाही. सहा ते दहा सायकली एका रांगेत नीट चालतात. त्याहून जास्त झाल्या तर सरळ दोन गट करावेत आणि मध्ये शंभर-दीडशे मीटर सोडावेत. मागून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोला ओव्हरटेक करून मध्ये शिरायला जागा लागते. ती नसेल तर तो जागा करून घेतो.

पुण्याची थंडी ती काय, असं उत्तरेकडचे लोक म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या आसपास येतो, कधी खाली उतरतो, एवढंच. पण १० अंशांत चालणं वेगळं आणि १० अंशांत ताशी ३० किलोमीटरने सायकल हाणणं वेगळं. त्या वेगाला तोच गारवा अंगाला साडेसहा-सात अंशांसारखा लागतो. म्हणजे बाहेर शांत असलेला वारा आपण स्वतःच्या पायांनी तयार करतो आणि मग त्याच्याच नावाने कुडकुडतो.

म्हणून कपड्यांचं पहिलं सूत्र असं की निघताना थोडी हुडहुडी भरलेली हवी. पुलापाशी उभं राहून ज्याला छान ऊबदार वाटतंय, तो विठ्ठलवाडीच्या पुढे घामाने भिजणार आणि उतारावर गारठणार. आतमध्ये सुती बनियन नको. तो घाम धरून ठेवतो आणि थंड ओल्या फडक्यासारखा छातीला चिकटतो. घाम बाहेर टाकणारा पातळ थर, त्यावर जर्सी, त्यावर पुढून वारा अडवणारं पातळ विंडचीटर, इतकं पुरतं. छाती, बोटं, कान आणि गुडघे या चार जागा सांभाळल्या की बाकीचं शरीर स्वतःची सोय बघतं. गुडघ्याच्या वाटीवर स्नायूंचं मांस नसतं, म्हणून १५ अंशांखाली गुडघे झाकावेत असा सायकलवाल्यांचा जुना संकेत आहे. कानांसाठी पातळ पट्टी. माकडटोपीवर मराठी माणसाचं कितीही प्रेम असलं तरी ती हेल्मेटखाली घालू नये. जाड लोकरीमुळे हेल्मेट बोटभर वर उचललं जातं, कपाळावरून मागे सरकतं, आणि मग ते डोक्यावर असूनही नसल्यासारखंच.

सिंहगड रस्त्याने निघालं की उजेड होईल तशी थंडी कमी होईल, अशी नव्या माणसाची समजूत असते. होतं उलटं. रात्रभर जमीन उष्णता सोडत असते आणि तापमान सगळ्यात खाली जातं ते सूर्योदयाच्या सुमारास. जानेवारीत पुण्यात सूर्य उगवतो सातच्या पुढे पाच-दहा मिनिटांनी. तेव्हा गट खडकवासल्याचं धरण ओलांडून सिंहगडाच्या पायथ्याजवळच्या डोणज्याकडे निघालेला असतो. त्यातून थंड हवा जड, ती पाण्यासारखी उताराने वाहत येऊन सखल भागात साचते. धरणाच्या पाण्यावरून वाफ उठत असते, रस्त्याकडेच्या शेतातून एकदम फ्रिज उघडल्यासारखा झोत येतो, आणि पुढे सिंहगडाचा चढ लागून शंभर-दोनशे मीटर वर गेलं की हवा चक्क कोमट लागते. चढामुळे अंग तापलं हे खरंच, पण हवाही खरोखर उबदार असते. थंडी खाली बसलेली असते, गावासकट.

आता आडोशाबद्दल. सपाटीवर ताशी ३० च्या वेगाला सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. या हवेला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. २५ वरून ३० वर जाताना वेग वाढतो पाचव्या हिश्श्याने, पण हवेपुरती मेहनत होते जवळपास पावणेदोन पट. त्यात १० अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा साधारण ७ टक्के दाट. जानेवारीत सरासरी वेग पडला म्हणून पायांना दोष देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. या सगळ्यावर उपाय एकच, दुसऱ्याची पाठ. पुढच्याच्या मागे नीट बसलं की याच वेगाला पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. शिवाय थेट अंगावर येणारा गार झोतही बोथट होतो.

‘नीट’ म्हणजे किती? मुरलेल्या लोकांत अर्ध्या ते एका चाकाचं अंतर. चाक साधारण सव्वादोन फुटांचं, त्यावरून अंदाज घ्यावा. नव्याने एक सायकलभर अंतर ठेवलं तरी आडोसा मिळतो, लाजायचं कारण नाही. नजर पुढच्याच्या टायरवर खिळवायची नाही. त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायचं, टायर डोळ्यांच्या कडेला आपसूक दिसत राहतं. आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी कधीही नेऊ नये. तो खड्डा चुकवायला वीतभर सरकला की चाकाला चाक घासतं, आणि पडतो नेहमी मागचा. पुढचा काहीच न झाल्यासारखा पुढे जातो. आणखी एक बारीक गोष्ट. पुढचा माणूस पायडलवर उभा राहिला की त्याची सायकल क्षणभर अर्धा फूट मागे येते. म्हणून उभं राहणाऱ्याने त्याच वेळी जोर वाढवायचा, आणि मागच्याने चढ दिसला की थोडं अंतर आधीच सोडायचं.

पुढे राहण्याची पाळी दोन-तीन मिनिटांची बरी. मोठेपणा दाखवायला दहा मिनिटं ओढणारा माणूस परतीच्या वाटेवर सगळ्यांना थांबवतो. मागे वळून पाहायचं, शेवटचा ‘क्लिअर’ म्हणाला की बाजूला सरकायचं आणि पायडल हलकं करून रांगेच्या शेपटाला लागायचं. इथे हमखास होणारी चूक नव्या पुढाऱ्याची असते (हा शब्द सायकलीलाही चपखल बसतो). समोर मोकळा रस्ता दिसताच तो दोन-तीन किलोमीटरने वेग वाढवतो. पुढे फरक छोटा दिसतो, पण रांग रबरासारखी ताणली जाते आणि शेवटच्याला ती फट भरायला जीव खाऊन पळावं लागतं. नेमका तोच नुकता पाळी संपवून दमलेला असतो. त्यामुळे पुढे आल्यावर वेग तोच ठेवायचा, आणि उतारावरही पायडल मारत राहायचं. आडोशातले लोक नुसते घरंगळत अंगावर येतात. सगळ्यात कच्च्या गड्याला शेवटी टाकू नये. त्याची जागा दुसरी किंवा तिसरी. शेवटी हवा जाणता माणूस, ज्याला आरडाओरडा करता येतो.

कारण अंधारात हाताच्या खुणा दिसत नाहीत, आवाजच लागतो. ‘खड्डा’, ‘ब्रेकर’, ‘मागे गाडी’, ‘सावकाश’. शब्द थोडे आणि खणखणीत. प्रत्येक खड्याला ‘खड्डा’ म्हणणाऱ्याचं दहा मिनिटांनी कोणी ऐकत नाही. मागचा लाल दिवा गटात असताना लुकलुकता नको, मागच्याचे डोळे दिपतात. तो स्थिर आणि मंद ठेवावा, लुकलुकता फक्त शेवटच्याचा. आणि कुत्री. टपऱ्यांसमोरच्या विझलेल्या शेकोटीच्या राखेत ती वेटोळं करून झोपलेली असतात. मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलची टकटक ऐकून उठतात आणि उठवल्याचा राग काढतात. अशा वेळी पळू नये. वेग उतरवून मोठ्याने बोलत, पायडल हळू फिरवत जावं. पळणाऱ्याच्या मागे कुत्रं लागतं, आणि त्याच्या मागचा सायकलस्वार कुत्र्यावर आपटतो.

टायरमध्ये हवा भरताना एक हिशेब थंडीचा. घरात २५ अंशांत ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेली हवा बाहेर १० अंशांत ७५ वर येते. चाक पंक्चर नाही, हवा आकसली. पण कमी हवेवर चाक खड्ड्याच्या कडेला आदळलं की ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटली जाते आणि सापाच्या दातांसारखी दोन शेजारी भोकं पडतात. भोक एकच आणि बाहेरच्या अंगाला असेल तर गुन्हेगार टायरमध्ये अजून बसलेला असतो. आपल्या हमरस्त्यांवर तो बहुधा फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली तार असतो, केसाहून किंचित जाड, नखाएवढी लांब. ती डोळ्यांना दिसत नाही. टायर आतून बोटाने, किंवा बोटं बधिर झाली असतील तर कापसाच्या बोळ्याने पुसत फिरवावं. जिथे तंतू अडकेल तिथे तार. ती न काढता नवी ट्यूब घातली की दोन किलोमीटरवर पुन्हा सगळे थांबतात, आणि यावेळी कोणी विनोद करत नाही. पहाटे पॅच लावत बसू नये, गारठ्यात सोल्यूशन लवकर सुकत नाही. सरळ ट्यूब बदलावी. काम एकाने करावं, दुसऱ्याने टॉर्च धरावा. हवा भरायला गॅसची छोटी नळकांडी वापरणाऱ्यांनी हातमोजा घालावा. गॅस सुटताना ती बर्फासारखी होते आणि बोटाला चिकटते.

सिंहगडाच्या चढावर आडोशाचं महत्त्व संपतं. वेगच इतका पडतो की वाऱ्याऐवजी स्वतःचं वजन ओढायचं असतं, आणि ज्याचा तो वर जातो. खरी परीक्षा उतरताना. चढताना भिजलेली जर्सी, पायांना काम नाही, आणि समोरून ताशी ४० चा वारा. इथे वर्तमानपत्र कामाला येतं. ही युरोपातल्या घाटांतल्या शर्यतवाल्यांची जुनी युक्ती आहे. पुरवणीचे चार कागद एकत्र घ्यायचे, आडवी एक घडी घालायची आणि जर्सीच्या आत, छातीपासून पोटापर्यंत सपाट सरकवायचे. चुरगळायचं नाही, वारा कडेने शिरतो. गुळगुळीत कागदाची जाहिरात नको, ती घाम शोषत नाही. साधा न्यूजप्रिंट घाम पितो आणि वाराही अडवतो. खाली पोचेपर्यंत मथळे छातीवर उलटे उमटलेले असतात.

उतारावर अंतर तीन-चार सायकलींचं. बधिर बोटांना ब्रेक किती दाबला हे कळत नाही, म्हणून अधूनमधून एकेक हाताची बोटं उघडमीट करावीत, तीही सरळ रस्त्यावर. थंडीने अंग थरथरायला लागलं की थरथर हँडलमध्ये उतरते आणि पुढचं चाक डुलू लागतं. तेव्हा हँडल आवळून धरणं ही सगळ्यात वाईट प्रतिक्रिया. फ्रेमची वरची नळी दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरावी, हात सैल सोडावेत, ब्रेक हळूहळू. डुलणं थांबतं.

मग चहा. थंडीत तहान लागत नाही म्हणून बाटल्या भरलेल्याच परत येतात, वर गारठ्याने लघवी मात्र जास्त होते. दर वीस मिनिटांनी दोन घोट घ्यावेत, नाहीतर चहाच्या टपरीवर बसल्यावर पोटऱ्यांत गोळे येतात. खिशात तिळाची वडी असावी. जानेवारीत ती घरोघरी असते, आणि परदेशी एनर्जी जेलपेक्षा दातांनाही काम देते. कांदाभजी, पिठलं-भाकरी यांचा मोह मोठा, पण वीस मिनिटांहून जास्त थांबू नये, आणि बसायचं ते उन्हात. ओली जर्सी सावलीत बसली की माणूस भाजीच्या जुडीसारखा गार पडतो.

तोवर ऊन चांगलं वर आलेलं असतं. विंडचीटर घडी होऊन जर्सीच्या मागच्या खिशात जातं, सुट्या बाह्या उतरतात, कानपट्टी कुठल्या खिशात गेली ते सापडत नाही. पैसे कोणी द्यायचे यावर भांडण होतं, कारण द्यायला सगळेच तयार असतात. मात्र सायकली रस्त्याकडे वळल्या की चित्र पालटतं. एकाला बुटाचा पट्टा सैल वाटतो, दुसरा व्हॉल्व्हची टोपी घट्ट करत बसतो, तिसऱ्याला घरून फोन येतो. खडकवासल्याच्या बाजूने समोरून वारा सुरू झालेला असतो, आणि पहिला निघायला कोणीच तयार नसतो.