शिंपला नदीत काय करतो?

आज सकाळी आमच्या वसाहतीतील मुलांना घेऊन हरिपूरला, कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात तिथे गेलो होतो. पाणी उतरलेले असल्याने काठच्या गाळात अर्धवट रुतलेला एक जिवंत शिंपला दिसला. बाहेरून काळपट तपकिरी, कडेची फट किंचित उघडी. "काका, ह्यो तर दगड हाय की," असे एक जण म्हणेपर्यंत ती फट मिटली, आणि मग मुले तिथून हलेनात.

आपल्याकडच्या नद्यांत लॅमेलिडेन्स प्रजातीचे शिंपले आढळतात. एका छिद्रातून पाणी आत घ्यायचे, त्यातील शैवाल, जिवाणू आणि सेंद्रिय कण कल्ल्यांवर अडवायचे आणि दुसऱ्या छिद्रातून स्वच्छ पाणी बाहेर सोडायचे, हे त्यांचे काम. नको असलेले कण ते चिकट द्रवात गुंडाळून तळाशी टाकतात आणि तेथील लहान जिवांना त्यातून खाद्य मिळते. मुलांना मात्र सर्वाधिक नवल वाटले ते पिल्लांचे: ही सूक्ष्म पिल्ले माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही काळ प्रवास करतात (तिकीट कोणी विचारत नाही!) आणि वाढ झाली की तळाशी उतरतात. त्यामुळे मासे घटले की शिंपल्यांची पुढची पिढी खुंटते, आणि वाळूचा बेसुमार उपसा झाला तर मोठे शिंपलेही वस्तीसकट जातात. दूषित पाण्याने मासे मेल्याची बातमी आपण वाचतो. जागचा हलून पळू न शकणाऱ्या शिंपल्यांचा त्या बातमीत उल्लेखही नसतो, हे मला फार खटकते.